मयताच्या चुकीचे टक्के

महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यातली अपघाताची फिर्याद उघडा, एक वाक्य हमखास सापडेल. 'आपल्या ताब्यातील वाहन रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात चालवून...' फिर्याद बदलली की फक्त गाडीचा नंबर आणि चालकाचं नाव बदलतं. हवालदाराने हे वाक्य इतक्यांदा लिहिलेलं असतं की लिहिताना रस्ता डोळ्यांपुढे आणायची त्याला गरज उरत नाही. बहुतेक वेळा ते ट्रकवाल्याच्या किंवा बसवाल्याच्या नावापुढे लागतं. पण मोटारसायकलवरचा माणूस जागीच गेला, पाहणारं कोणी नव्हतं आणि ट्रकचालक स्वतः ठाण्यात हजर झाला, की तेच वाक्य कधीकधी मयताच्या नावाला चिकटतं. मेलेला तोच आणि आरोपीही तोच. आरोपी हयात नाही म्हटल्यावर खटला चालायचा प्रश्नच येत नाही. पोलीस 'अ‍ॅबेटेड समरी', म्हणजे आरोपी मेल्याने प्रकरण संपल्याचा अहवाल, पाठवतात आणि फाइल बंद होते.

फौजदारी बाजूला मिटलेलं हे प्रकरण भरपाईच्या दाव्यात पुन्हा उघडतं. मयताची पत्नी, मुलं, आई मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करतात. विमा कंपनीची लेखी कैफियत येते आणि तिच्यात एक परिच्छेद ठरलेला असतो: अपघात मयताच्याच चुकीने झाला, ते मान्य नसेल तर निदान त्याचाही त्यात वाटा होता, म्हणून भरपाई त्या प्रमाणात कापावी. वकील मंडळी याला नुसतं 'कॉन्ट्रिब्युटरी' म्हणतात, कायद्याच्या मराठीत अंशदायी निष्काळजीपणा. मग विधवेची उलटतपासणी. ती कागदावर कशी उतरते ते बघण्यासारखं असतं, कारण बहुधा प्रश्न लिहून घेत नाहीत, फक्त उत्तरं लिहितात, तीही सलग आणि तिच्याच तोंडी. 'अपघाताच्या वेळी मी घरी होते. मी अपघात प्रत्यक्ष पाहिलेला नाही. माझे पती भरधाव जात होते हे म्हणणे खरे नाही. त्यांनी हेल्मेट घातलेले नव्हते हे म्हणणे खरे नाही. अपघात त्यांच्या चुकीमुळे झाला हे म्हणणे खरे नाही.' जिने काही पाहिलंच नाही तिने कशाकशाचा इन्कार केला, त्याची ही नोंद. आणि निकालपत्रात पुढे कुठेतरी एक ओळ येते: घटनास्थळ पंचनामा पाहता मयताचाही २५ टक्के निष्काळजीपणा असल्याचे दिसून येते.

या २५ टक्क्यांचे पैसे किती होतात ते मांडून पाहू. माणूस ३२ वर्षांचा, खासगी नोकरी, महिना २०,००० रुपये पगार, मागे पत्नी, दोन मुलं आणि आई. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेल्या सूत्राप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २८,०००. त्यातून चार अवलंबितांच्या हिशेबाने मयताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा, म्हणजे घरात येणारे २१,०००. वर्षाचे २,५२,०००. या वयाला गुणक १६. एकूण ४०,३२,००० रुपये, किरकोळ बाबी वेगळ्या. यातले २५ टक्के म्हणजे १०,०८,०००. सोळा वर्षांच्या घरखर्चातली चार वर्षं 'असल्याचे दिसून येते' या तीन शब्दांवर गेली. मुलगी सहावीत असेल तर तिच्या दहावीपर्यंतचा सगळा काळ.

चुकीच्या वाटणीचं तत्त्व मुळात अन्यायाचं आहे असं मला वाटत नाही. उलट ते एका मोठ्या अन्यायावरचा उतारा म्हणून आलं. इंग्लंडमध्ये १८०९ साली डर्बी शहरात एका माणसाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यावर आडवी काठी ठेवली होती. संध्याकाळी एक घोडेस्वार जोरात आला आणि तिला अडखळून पडला. न्यायालय म्हणालं, नीट बघून चालवला असतास तर काठी दिसली असती. तुला एक पैसाही मिळणार नाही. स्वतःची चूक रतिभर असली तरी सगळी भरपाई बुडाली, हा नियम पुढे शंभरावर वर्षं टिकला. न्यायाधीशांनाच तो बोचायला लागला आणि त्यांनी पळवाटा काढल्या. १८४२ च्या एका खटल्यात पाय बांधून रस्त्यावर चरायला सोडलेल्या गाढवाला भरधाव गाडीने चिरडलं. शेवटच्या क्षणी अपघात टाळणं ज्याच्या हातात होतं त्याने भरून द्यावं, असं तिथे ठरलं आणि गाढवाच्या मालकाला पैसे मिळाले. अखेर १९४५ साली तिथल्या संसदेने कायदा करून सांगितलं की चूक दोघांची असेल तर भरपाई बुडवू नका, वाटून कापा. आपल्याकडे देशभरासाठी असा स्वतंत्र कायदा नाही, पण न्यायालयांनी तत्त्व उचललं आणि ते इथे रुजलं.

त्याची दुसरी बाजूही खरी आहे. आपल्याकडे रस्त्यावरचा लोकन्याय एका वाक्याचा: मोठी गाडी ती दोषी. दुचाकीवाला उलट्या दिशेने आला असला तरी मार खातो तो टेम्पोवाला. गर्दी जमायच्या आत पळून गेला नाही तर त्याचं काही खरं नसतं, आणि पळाला तर 'पळाला म्हणजे त्याचीच चूक'. ज्या ट्रकचालकाने सगळे नियम पाळले, त्याच्या बाजूने कोणीतरी शांतपणे बसून 'समोरच्याचंही चुकलं' असं म्हणणं न्यायाचं आहे. प्रश्न एवढाच की भरपाईच्या दाव्यात हे म्हटल्याने त्या चालकाला मिळतं काय?

काहीच मिळत नाही. कलम १४६ प्रमाणे प्रत्येक गाडीला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. पैसे भरते विमा कंपनी. चालक दोषी ७५ टक्के ठरला काय आणि १०० टक्के ठरला काय, विमा चालू असेल तर त्याच्या खिशातून सहसा दमडी जात नाही. वाटणीचं तत्त्व जन्माला आलं तेव्हा ते दोन खिशांमधलं होतं: तुझ्या चुकीचं तू सोस, माझ्या चुकीचं मी. आता एका बाजूला सामुदायिक निधी आहे आणि दुसऱ्या बाजूला एक घर. कपात झाली की निधीचे दहा लाख वाचतात, जे हजारो हप्त्यांत विरघळून जातात, आणि घराचे दहा लाख जातात ते एकाच घराचे जातात.

मग शिस्तीचा मुद्दा काढला जातो. चूक करणाऱ्याला पूर्ण भरपाई दिली तर लोक नियम कशाला पाळतील? हे मला कधीच पटलेलं नाही. हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चे काढणारं पुणे आपल्याला माहीत आहे. सदाशिव पेठेतला माणूस सकाळी स्कूटर बाहेर काढताना 'आज हेल्मेट न घालता मेलो तर वारसांच्या भरपाईतून पंधरा टक्के जातील' असा हिशेब मांडत नाही. ज्याला स्वतःचं डोकं फुटायची भीती शिस्त लावू शकली नाही, त्याला न्यायाधिकरणाचा काही वर्षांनी येणारा निकाल लावेल ही समजूत भाबडी आहे. केंद्र सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ते डोक्यावर चढवायचं असेल तर चौकात दंड करावा. दंड जिवंत माणसाला होतो.

हेल्मेटच्या निमित्ताने या सगळ्यातला सर्वांत मोठा गोंधळ दिसतो. नियम मोडणं आणि अपघाताला कारण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दाव्यांमध्ये त्या सर्रास एकमेकींत मिसळतात. हेल्मेट नसल्याने टक्कर होत नाही, टक्कर झाल्यावर डोक्याला होणारी इजा वाढते. तेव्हा मांडीचं हाड मोडलेल्या माणसाची भरपाई हेल्मेट नव्हतं म्हणून कापायची असेल तर ती कापणाऱ्याने हेल्मेट मांडीला बांधतात हे आधी सिद्ध करावं. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९७५ साली सीटबेल्टबाबत हा गुंता सरळ सोडवला: बेल्ट लावल्याने इजा पूर्ण टळली असती तर २५ टक्के कापा, बरीच कमी झाली असती तर १५ टक्के, काहीच फरक पडला नसता तर काहीही कापू नका. कोणी म्हणेल हे आकडे अंदाजाचेच आहेत. आहेत, पण ते सगळ्यांना सारखे लागू आहेत आणि आधी माहीत आहेत.

आपल्या सर्वोच्च न्यायालयालाही हे मान्य आहे. २०२० चा एक निकाल ट्रिपल सीटचा आहे. मोटारसायकलवर तिघे, मागे बसलेल्यांतला एक गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने ट्रिपल सीट म्हणून १० टक्के कापले. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तिघे बसणं हा नियमभंग खराच, पण तिघे बसल्यामुळे टक्कर झाली किंवा त्यामुळेच इजा वाढली हे दाखवल्याशिवाय एक टक्काही कापता येणार नाही. परवाना नसणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणा होत नाही, हेही याआधीच्या निकालांत सांगून झालेलं आहे. जो आरोप करतो त्यानेच तो पुराव्याने शाबीत करायचा, हेही सांगून झालं आहे. आणि २०१३ साली तर, अपघातानंतर गाड्या रस्त्यावर कुठे पडल्या होत्या एवढ्यावरून कोणाची किती चूक ते ठरवता येत नाही, असंही न्यायालयाने स्पष्ट केलं. म्हणजे कायदा वर स्पष्ट आहे. तो खाली पोचेपर्यंत गळतो.

कुठे गळतो ते कळण्यासाठी तो पंचनामाच हातात घ्यावा लागतो. अपघात रात्री नऊचा, पंचनामा दुसऱ्या दिवशी सकाळचा. मधल्या वेळात वाहतूक खोळंबू नये म्हणून मोटारसायकल उचलून कडेला ठेवलेली आणि ट्रक ठाण्याच्या आवारात नेलेला. पंच म्हणजे समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेले दोघे, ज्यांना 'जरा सही करा' म्हणून बोलावलं. रस्ता 'पूर्व-पश्चिम जाणारा डांबरी', कडेला 'साईडपट्टी', काचेचे तुकडे 'अंदाजे' अमुक फुटांवर. ब्रेकच्या खुणा असल्या तर लिहिलेल्या, नसल्या तर नव्हत्या की कोणी पाहिल्या नाहीत हे कळायला मार्ग नाही. रस्त्यावर दिवा होता का, वळणाचा फलक होता का, खड्डा किती खोल होता, याला छापील नमुन्यात जागा सापडतेच असं नाही. हा कागद गुन्हा नोंदवताना लागतो म्हणून केलेला असतो. कोणाच्या चुकीचा हिस्सा किती हे मोजायचं साधन म्हणून तो कोणी केलेला नसतो, आणि तरीही काही वर्षांनी लाखो रुपये त्याच्यावर टांगले जातात. अपघाताचा एकमेव जिवंत साक्षीदार असलेला चालक पुष्कळदा साक्षीला येतच नाही. अशा वेळी अनुमान त्याच्याविरुद्ध काढायला हवं. वरच्या न्यायालयांनी ते काढलंही आहे. खाली मात्र चालक गैरहजर, विधवा हजर, आणि टक्का तिच्या वाट्याला.

२०२२ पासून केंद्राच्या नव्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा आहे, फोटो आणि नकाशासकट. हा चांगला बदल आहे. पण अहवाल भरणारा हात तोच आहे आणि 'हयगयीने, अविचाराने' त्याच्या बोटांवर बसलेलं आहे.

ऊसपट्ट्यातलं एक उदाहरण घेऊ. गाळप हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस निघतो. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, असला तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला असतो. कारखाने हंगामाच्या तोंडाला रिफ्लेक्टर चिकटवण्याचा कार्यक्रम करतात, पाहुणे येतात, फोटो छापून येतात. महिन्याभरात रिफ्लेक्टर चिखलाने माखतात. रात्री टायर फुटला म्हणून अशी ट्रॉली रस्त्यातच उभी राहिली आणि मागून दुचाकी आदळली, की पहिलं वाक्य ठरलेलं: मागून धडकला, म्हणजे अंतर राखलं नाही. अंतर राखायचा नियम चालत्या गाडीमागे ठीक आहे. अंधारात उभ्या असलेल्या, मागे एकही लाल ठिपका नसलेल्या गाडीपासून अंतर कशाच्या आधारे राखायचं? २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. महामार्गाच्या मधोमध कोणतीही खूण न ठेवता सोडून दिलेला मोठा ट्रक आणि त्यावर आदळलेली मोटार. खालच्या दोन्ही न्यायालयांनी मोटारचालकाची चूक ५० टक्के धरली, आणि कळस म्हणजे गाडीत नुसते बसलेल्यांच्या वारसांचेही ५० टक्के कापले. सर्वोच्च न्यायालयाने सगळा दोष ट्रकवर टाकला आणि चालकाची चूक प्रवाशाच्या माथी मारता येत नाही हे पुन्हा एकदा सांगावं लागलं. पुन्हा एकदा, कारण दोन गाड्यांच्या चुकीत सापडलेल्या तिसऱ्या माणसाला कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम वसूल करता येते, हे २०१५ सालीच स्पष्ट झालं होतं. वर दाद मागायला जाऊ न शकलेल्यांचे किती टक्के तसेच राहिले असतील, याचा विचार न केलेला बरा.

पुरावा चोख असला तरी आकडा चोख येतो असं नाही. कोइमतूरजवळ जानेवारी २०१७ मध्ये अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी मोटारसायकलवरून चालला होता. पुढच्या मोटारीने महामार्गावर अचानक ब्रेक मारला, कारण चालकाच्या गरोदर पत्नीला उलटीची भावना झाली. विद्यार्थी मोटारीवर आदळून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. डावा पाय कापावा लागला. न्यायाधिकरण म्हणालं: बस ८०, विद्यार्थी २०, मोटारीची चूक नाही. उच्च न्यायालय म्हणालं: मोटार ४०, बस ३०, विद्यार्थी ३०. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं: मोटार ५०, बस ३०, विद्यार्थी २०. रस्ता तोच, साक्षी त्याच, कागद तेच. मोटारचालक शून्यावरून चाळीसवर आणि तिथून पन्नासवर गेला. तिन्ही ठिकाणी न्यायाधीश प्रामाणिकपणेच विचार करत होते, याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. टक्का मोजायची पट्टीच कोणाकडे नाही. अशा वेळी २०, २५, ३० हे आकडे गोल येतात हे पुरेसं बोलकं आहे. २३ टक्के चूक झाल्याचं कधी वाचनात आलंय?

गोल आकड्याची खरी उलाढाल लोकअदालतीत होते. तिथे कोणी चूक सिद्ध करत नाही, नुसती चूक निघू शकते या भीतीवर सौदा होतो. लग्नाच्या बैठकीत मानपानाचं बोलणं चालावं तसं दोन्हीकडची माणसं उठतात, बाहेर जातात, परत येतात. 'बाई, निकालाला थांबलात तर कॉन्ट्रिब्युटरी निघेल, चाळीसचे तीस होतील, वर अपिलात चार वर्षं जातील. आज बत्तीस घ्या.' बाई बत्तीस घेते, कारण मुलाची फी भरायची आहे. तडजोडीच्या नोंदीत निष्काळजीपणाचा शब्दही नसतो. कपात मात्र झालेली असते.

आता रुळांवर या. मुंबईत लोकलच्या दारात लटकणारा माणूस पडून मेला तर त्याच्या चुकीचे टक्के काढतात का? नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ खाली गाडीतून पडणं ही 'अनुचित घटना' आहे आणि रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावी लागते. आत्महत्या, मुद्दाम करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेलं कृत्य, आजारपण एवढेच अपवाद. रेल्वेने वर्षानुवर्षं 'निष्काळजीपणे दारात उभा होता, म्हणजे मुद्दाम इजा करून घेतली' असा युक्तिवाद केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तो कायमचा मोडीत काढला: चढता-उतरता पडणं हेदेखील याच कलमात येतं आणि प्रवाशाच्या निष्काळजीपणाचा वाटा इथे काढायचाच नाही. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले तेव्हा 'दारात का लटकले' असं म्हणणारे होतेच. कायद्यापुढे त्या प्रश्नाला किंमत नाही, आणि ते बरोबर आहे. साडेआठच्या लोकलमध्ये आत जायला जागा असती तर कोण बाहेर लटकलं असतं?

म्हणजे डोंबिवलीचा एकच माणूस. स्टेशनपर्यंत स्कूटरवर जाताना मेला तर त्याच्या चुकीचे २५ टक्के कापायचे, तिथून पुढे लोकलमधून पडला तर एकही नाही. या दोन न्यायांत ताळमेळ नाही हे उघड आहे. अर्थात रेल्वेची रक्कम ठरलेली आहे, मृत्यूला ८ लाख. पगार वीस हजार असो की दोन लाख. चूक विचारायची नाही, पण रक्कमही आखूड ठेवायची, असा तो व्यवहार आहे. मोटार वाहन कायद्यातही याचं भावंड आहे. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. पूर्वी कलम १४० होतं. त्याखाली चूक कोणाची हे न विचारता ५० हजारांची रक्कम आधी हातात पडायची आणि कलम १६६ चा मोठा दावा पुढे चालू राहायचा. १ एप्रिल २०२२ पासून ते प्रकरणच कायद्यातून गेलं. रक्कम तुटपुंजी होती, कल्पना चांगली होती.

मला ती कल्पना परत हवी आहे, आजच्या रकमेसह. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व असेल तर एका मर्यादेपर्यंतची भरपाई चुकीच्या वाटणीबाहेर ठेवावी. अनुज्ञेय रकमेतला निम्मा भाग म्हणा, किंवा काही ठरलेले लाख म्हणा. त्याच्या वरच्या रकमेतून जरूर कापावं, पण विमा कंपनीने कारणमीमांसेसह सिद्ध केल्यावर. दारू प्यायल्याचा रक्ताचा अहवाल आहे, उलट दिशेने आल्याचं सीसीटीव्ही चित्रण आहे, तर चांगलं घसघशीत कापा, माझी हरकत नाही. पंचनाम्याच्या एका ओळीवर कापू नका.

याने विम्याचे हप्ते वाढतील हा आक्षेप खोटा नाही. तृतीय पक्ष विम्याचे दर सरकार ठरवतं, आणि आधीच खोट्या दाव्यांनी कंपन्या त्रासलेल्या आहेत. अपघात एका गाडीचा आणि कागदावर विमा असलेली दुसरीच गाडी, असे प्रकार घडतात आणि ते चालवणाऱ्यांत वकील आणि पोलीसही सापडले आहेत. खोटा दावा पूर्ण फेटाळावा, दाखल करणाऱ्याला तुरुंगात धाडावं. खऱ्या दाव्यातून २५ टक्के कापणं हा त्याच्यावरचा इलाज होत नाही. आणि हप्ता वाढणार असेल तर किती वाढेल ते उघड सांगावं, त्यावर चर्चा व्हावी. सगळ्या वाहनधारकांकडून वर्षाला थोडे थोडे घ्यायचे की तेच पैसे एकेका विधवेकडून एकरकमी काढायचे, ही निवड आज आपण न बोलता करून टाकली आहे.

आणि टक्क्यांची बेरीज शंभर करायचीच असेल तर सगळे हिस्सेदार आधी मोजायला घ्या. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण दीड दशक चाललंय. अर्धवट पूल, रात्रीत बदललेले वळणरस्ते, फलकाच्या जागी चुन्याचा पट्टा मारलेला दगड. तिथे समोरासमोर दोन गाड्या आदळल्या की ७५ आणि २५ अशी वाटणी होते आणि रस्त्याच्या वाट्याला शून्य येतं. दाव्याच्या अर्जात सामनेवाले म्हणून चालक, मालक आणि विमा कंपनी यांचीच नावं घालायची वकिलांना सवय आहे. वास्तविक १९९७ सालीच, फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवरच्या अपघातात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की गाडीबरोबर दुसऱ्या कोणाचा दोष असेल तर त्यालाही न्यायाधिकरणापुढे ओढता येतं. तिथे रेल्वे होती. इथे सार्वजनिक बांधकाम खातं, महापालिका, टोल गोळा करणारा कंत्राटदार का नको? २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आणलं, रस्त्याच्या सदोष बांधणीमुळे मृत्यू झाला तर कंत्राटदाराला दंड. दंडाची कमाल मर्यादा १ लाख. आपल्या ३२ वर्षांच्या माणसाच्या घरातून गेले त्याचा दहावा भाग, तोही त्या घराला न मिळता सरकारच्या मोटार वाहन अपघात निधीत जमा होणारा. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने मेलेल्यांच्या वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख द्यायला सांगितले आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी-कंत्राटदारांकडून वसूल करा म्हणून बजावलं, तेव्हा रस्त्याच्या चुकीला किंमत लागली. ती आता न्यायाधिकरणातल्या वाटणीतही लागली पाहिजे. सामनेवाला क्रमांक चार म्हणून रस्त्याच्या मालकाचं नाव घालायला नवा कायदा लागत नाही, अर्ज टाइप करताना एक ओळ वाढवावी लागते. विमा कंपन्यांचाही त्यात फायदाच आहे. मयताकडून २५ टक्के काढण्यासाठी त्या जेवढी मेहनत घेतात, तेवढी त्यांनी खड्डा मोजायला घ्यावी.